मोजणीच्या खिडकीपाशी सासूबाई

सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा त्यांची एकुलती एक लेक नेमकी तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या शहरात गेली होती. ती शाळेत शिकवायची, आणि हे प्रशिक्षण चुकवलं तर बढती हुकणार होती. ऑपरेशन पुढे ढकलावं, तर डॉक्टरांची तारीख पुन्हा कधी मिळेल याचा नेम नव्हता. शेवटी सासूबाई डोळ्यावर काळा चष्मा, हातात औषधांची पिशवी आणि चेहऱ्यावर ‘मी कुणाला त्रास देणार नाही’ असा भाव घेऊन जावयाच्या घरी, वीजप्रकल्पाच्या वसाहतीत राहायला आल्या.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण सासू-जावई कधी अकरा मिनिटं सलग एकमेकांशी बोलले असतील तर शपथ. भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. जावई मुळातच मितभाषी. सासूबाई मात्र तशा नव्हत्या. चाळीस वर्षं त्यांनी रफूचं दुकान चालवलं होतं आणि गिऱ्हाइकाशी बोलता बोलता कोटाचं भोक असं बुजवायच्या, की भोक कुठं होतं ते गिऱ्हाइकालाच शोधावं लागायचं. पण जावयासमोर त्यांची गाडी “जावईबापू, बरं आहे ना?” या स्टेशनावर येऊन थांबायची. तो म्हणायचा, “हो आई. तुमचं?” आणि विषय संपायचा.

शिवाय त्याचं काम त्यांच्या गळी कधी उतरलंच नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा नातेवाईक विचारायचे, मुलगा काय करतो? सासूबाई सांगायच्या, “धरणावर असतो.” ऐकणाऱ्याला वाटायचं, इंजिनिअर असणार. सासूबाई ते तसंच वाटू द्यायच्या. खरं तर तो मासे मोजायचा. त्यांनी हातचं राखून सांगितलेलं हे उत्तर त्याच्याही कानावर आलं होतं. त्याने ते मनाला लावून घेतलं नाही, पण विसरलाही नाही.

ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे डोळ्यात दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. आपले आपण घालायला गेल्या की सासूबाईंचा हात डोळ्याऐवजी कपाळ शोधायचा. लेकीने फोनवरून जावयाला फर्मान सोडलं, की हे तुझं काम. पहिल्या दिवशी सासूबाई खुर्चीत मान मागे टाकून बसल्या आणि हा बाटली घेऊन समोर उभा राहिला, तेव्हा दोघांनाही कुठं पाहावं ते कळेना. पहिला थेंब नाकावर पडला, दुसरा गालावरून ओघळून कानात गेला. सासूबाई तशाच स्थिर बसून म्हणाल्या, “कानाचंही ऑपरेशन करायचं आहे का?” त्याला हसू आवरेना. तिसरा थेंब मात्र बरोबर बसला.

अडचण होती अकराच्या आणि तीनच्या थेंबांची. मासे वर चढायचे दिवस होते आणि दिवसा त्याला खिडकी सोडून हलता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याने बिचकत विचारलं, की आई, तुम्हीच येता का माझ्याबरोबर? तिथं उजेड मंद असतो, बसायला बाक आहे. सासूबाई दवाखान्यात नंबर लावून बसायच्या तयारीने निघाल्या.

धरणाच्या डाव्या अंगाला माशांसाठी एक जिना होता. जिना म्हणजे काँक्रीटच्या बासष्ट छोट्या टाक्या, एकीपेक्षा एक उंच. वरून पाणी टाकीटाकीतून कोसळत खाली यायचं आणि मासे उडी मारत, दम खात, पुन्हा उडी मारत उलटे वर चढायचे. वरच्या जलाशयात शिरण्याआधी शेवटी एक अरुंद जागा होती आणि तिथल्या भिंतीत भलीमोठी काच बसवलेली होती. काचेच्या या बाजूला तळघरासारखी खोली. तिथं तो बसायचा. प्रत्येक माशाला हातातल्या यंत्राची कळ दाबायची, वहीत आकार लिहायचा. भिंतीवरचा कॅमेराही सगळं टिपायचा, पण त्यालाही फक्त आकडाच कळायचा. याखेरीज पाण्याचं तापमान घेणं, आठवड्यातून एकदा वरच्या ओढ्यांमध्ये अंडी आणि पिल्लं पाहून येणं, आणि धरणातून नदीला किती पाणी सोडायचं ते नियंत्रण कक्षाला कळवणं, हीही कामं त्याचीच. वीज करायला घेतलेलं पाणी बोगद्यातून थेट तीन किलोमीटर खाली जाऊन नदीला मिळे. मधला पट्टा कोरडा पडू नये म्हणून धरणाच्या एका दरवाजातून थोडं पाणी कायम सोडत. त्याला सगळे नदीचा वाटा म्हणायचे.

पहिला तासभर सासूबाईंनी काचेकडे पाहिलंही नाही. मग एक हातभर लांबीचा मासा काचेपाशी येऊन थबकला, कल्ले हलवत दम खाऊ लागला, आणि सासूबाई बाकावरून पुढे सरकल्या. नव्या डोळ्याला सगळे रंग धुऊन काढल्यासारखे दिसत होते. “याच्या पाठीवर हिरवा आहे की निळा?” त्यांनी विचारलं. तो म्हणाला, दोन्ही. त्या म्हणाल्या, नाही, कडेला जांभळाही आहे. त्याने नीट पाहिलं. होता.

त्या वर्षी जावई भलताच खुशीत होता, आणि त्याला कारण होतं. मागच्या तीन वर्षांत हंगामभर मिळून हजाराच्या आसपास मासे चढले होते. यंदा पाच आठवड्यांतच आकडा एकवीसशेच्या पुढे गेला होता. प्रकल्पाच्या साहेबांनी तो तक्ता मोठा करून आपल्या दालनात लावला होता, आणि दोन आठवड्यांनी वरचे अधिकारी पाहणीला यायचे होते. इतकी वर्षं ज्याला लोक ‘मासेमोजे’ म्हणत, त्याला आता वाटेत थांबवून शाबासकी मिळत होती.

आणि चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “हा काल पण गेला.”

तो हसला. म्हाताऱ्या माणसाचं ऐकून घेतो तसं त्याने ऐकून घेतलं आणि समजावलं, की एकदा वर गेलेला मासा वरच्या ओढ्यांकडे जातो, तो खाली कशाला येईल?

“ते मला काय माहीत,” सासूबाई म्हणाल्या. “पण शेपटी वरच्या अंगाला फाटलीय, आणि फाटलेलं जुळून आलंय ते तिरकं आलंय. काल हा अकराच्या औषधाआधी गेला. चाळीस वर्षं लोक फाटलेलं घेऊन माझ्याकडे यायचे, जावईबापू. माणसाचा चेहरा मी विसरेन. फाटलेली जागा नाही विसरणार.”

त्याने तेवढ्यापुरतं हो म्हटलं. पण सासूबाई इरेला पेटल्या. त्यांनी एक वही मागून घेतली आणि मासा गेला की त्याचं जिथं काही उसवलं-फाटलं असेल तेवढंच चित्र त्या काढू लागल्या. डॉक्टरांनी सुईला हात लावायला मनाई केली होती, पेन्सिलीला नाही. प्रत्येकाला नावही मिळालं. तिरक्या शेपटीचा तो कातरशेपट. कल्ल्यामागे पांढरा पट्टा असलेला कॉलरवाला. अंगावरचे खवले गेलेली एक मासोळी होती, ती ठिगळवाली. एकाच्या पोटाखालचा पर लोंबत होता, त्याचं नाव त्यांनी नाडीसुटका ठेवलं आणि स्वतःच इतक्या हसल्या, की डोळ्याला त्रास होईल म्हणून त्याला त्यांना दटावावं लागलं.

तीन दिवसांत वहीत अकरा मासे झाले. त्यांतल्या सात जणांच्या नावापुढे दोन किंवा तीन खुणा होत्या. कातरशेपटापुढे चार.

त्या दुपारी जेवणाचा डबा बाजूला ठेवून त्याने कॅमेऱ्यातलं मागचं चित्रण काढलं. सासूबाईंनी लिहिलेल्या वेळा एकेक करून लावल्या. कातरशेपट सोमवारी गेला. मंगळवारी गेला. बुधवारी गेला. गुरुवारी पुन्हा त्याच जागी, त्याच तिरक्या शेपटीने, थोडा जास्तच दमलेला. सासूबाईंना बाकावर बसवून तो वर गेला आणि जिना जिथं जलाशयात उघडतो तिथल्या पुलावर कठड्याला टेकून उभा राहिला.

फार वेळ थांबावं लागलं नाही. जिन्यातून बाहेर पडलेले मासे दमून भिंतीच्या आडोशाला थांबत होते. तिथून वीस-पंचवीस पावलांवर एक नंबरचा दरवाजा होता, आणि नदीचा वाटा त्यातूनच सुटत होता. वरून पाणी शांत दिसत होतं, पण खाली ओढ होती. त्याच्या डोळ्यांदेखत एक मासा भिंतीपासून जरा सुटला, शेपटी मारत राहिला, मारत राहिला, आणि हळूहळू मागे मागे सरकत दरवाजाखालून दिसेनासा झाला. बिचारा आता खालून पुन्हा बासष्ट टाक्या चढणार होता, आणि वर काचेपाशी कुणीतरी पुन्हा आनंदाने कळ दाबणार होतं.

तिथं उभ्या उभ्याच त्याला बाकीचं उमगलं. मागल्या वर्षापर्यंत नदीचा वाटा पलीकडच्या टोकाच्या पाच नंबरमधून सुटायचा. त्या दरवाजाची चाकं अडकू लागली म्हणून हंगामाच्या तोंडावर नियंत्रण कक्षाने एक नंबर वापरायला घेतला होता. तसा कागद त्याच्याकडे आला होता. पाणी तेवढंच सुटणार ना, एवढंच त्याने पाहिलं होतं आणि सही केली होती.

संध्याकाळी घरी तो ताटावर नुसता बसून राहिला. सासूबाईंनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग म्हणाल्या, की मी उगीच तोंड उघडलं. तो फक्त नाही म्हणाला. तेव्हा त्यांनी एकेक प्रश्न विचारून सगळं काढून घेतलं. खरा आकडा निम्मा असेल. साहेबांचा तक्ता खोटा ठरेल, तोही अधिकारी यायच्या तोंडावर. आणि सही त्याची स्वतःची होती.

“हे कुणाला कळलेलं नाही ना अजून?” सासूबाईंनी विचारलं. “मी तर पेशंट. माझ्या डोळ्याचं काय धरायचं?”

“तुमच्या डोळ्याचं सोडा,” तो म्हणाला. “मी स्वतः पाहून आलो. ते मासे रोज तोच जिना चढतायत आई. पोटात अंडी घेऊन.”

मग ताटाकडे बघत, जरा अडखळतच, सासूबाईंनी एक गोष्ट सांगितली, की मी लोकांना तुमचं काम कधी धड सांगितलं नाही. धरणावर असतो म्हणायचे. मासे मोजतो म्हणायला मला कमीपणा वाटायचा. आता सहा दिवस शेजारी बसले, तर कळलं की हे माझ्या कामासारखंच आहे. नीट झालं तर कुणाला दिसत नाही.

तो म्हणाला, “मला माहीत होतं.”

“माहीत होतं आणि तोंडातून ब्र काढला नाहीस. असाच राहिलास. उद्या सकाळी जा आणि साहेबांना सांगून टाक. आणि आता दोन घास खा.”

अकरा वर्षांचं ‘तुम्ही’ कुठं गळून पडलं ते दोघांच्याही लक्षात आलं. तो जेवला.

साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्या सकाळी त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. त्यांनी आधी कॅमेऱ्यावर शंका घेतली, मग माशांवर. दोन मासे सारखे दिसू शकत नाहीत का? जावयाने वही पुढे केली. साहेबांनी पानं उलटली, नाडीसुटका हे नाव दोनदा वाचलं आणि विचारलं, हे काढलं कुणी? ‘आमच्या विभागाच्या लक्षात आलं’ असं म्हणून तो मोकळा होऊ शकला असता. तो म्हणाला, “माझ्या सासूबाईंनी.”

साहेब उठले आणि त्याच्याबरोबर पायऱ्या उतरून खाली मोजणीच्या खोलीत आले. सासूबाईंनी सरकून त्यांना बाकावर जागा दिली आणि दुकानात गिऱ्हाइकाला कापड दाखवावं तसं एकेक मासा दाखवायला सुरुवात केली. साहेबांना पहिले चार सगळे सारखेच दिसले. पाचवा आला तसं ते एकदम म्हणाले, “हा कॉलरवाला.” सासूबाईंनी वहीत खूण केली आणि म्हणाल्या, “तिसऱ्यांदा.” साहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. त्यानंतर त्यांनी शंका घेतली नाही.

पण पाच नंबरचा दरवाजा उघडायचा म्हणजे खायचं काम नव्हतं. नियंत्रण कक्षात तीस वर्षं काढलेले दरवाजेवाले काका नेहमीप्रमाणे आधी नाहीच म्हणाले. चाकं गंजलीत, मोटर ताण घेणार नाही, दरवाजा मध्येच अडकला तर मला नोकरीच्या शेवटच्या वर्षात डाग नको. एरवी जावई मान डोलावून परत आला असता. त्या दिवशी तो हलला नाही. त्याने काकांना नुसतं पुलावर चला म्हटलं. दोघं अर्धा तास कठड्याशी उभे राहिले. एक मासा मागे सरकत गेला, काकांनी पाहिलं. दुसरा गेला, तेव्हा काकांनी नकळत हात पुढे केला, जणू धरणारच होते. परत फिरताना ते एवढंच म्हणाले, की चार दिवस लागतील आणि वंगण भरपूर लागेल.

लागले पाच दिवस. काकांनी स्वतः दोराला लटकून चाकं घासून घेतली. पाचव्या दिवशी सकाळी दहा वाजता पाच नंबर कुरकुरत वीतभर उचलला गेला, पलीकडच्या टोकाला पांढरं पाणी उसळलं, आणि एक नंबर हळूहळू बंद झाला. घाई केली असती तर खालच्या पट्ट्यातलं पाणी एकदम उतरून किनाऱ्यालगतची पिल्लं डबक्यात अडकली असती, म्हणून जावई दीड तास खाली नदीकाठी मोजपट्टीशी उभा राहून फोनवर काकांना बोटाबोटाचा हिशेब सांगत राहिला. काका एरवी फोनवर वैतागायचे. त्या दिवशी प्रत्येक वेळी “बरं बाळा” म्हणाले.

त्यानंतर कातरशेपट एकदाच दिसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काचेपाशी आला, नेहमीपेक्षा जास्त थांबला आणि वर गेला. सासूबाई तिसऱ्या दिवशी वाट पाहत बसल्या, चौथ्या दिवशीही. तो आला नाही. आला नाही म्हणून एवढा आनंद झालेला आपण पहिल्यांदाच पाहतोय, असं जावयाने बायकोला फोनवर सांगितलं. तिने विचारलं, कुणाला आनंद? तो म्हणाला, तुझ्या आईला. मग थोडं थांबून म्हणाला, मलाही.

रोजचा आकडा नव्वदवरून चाळीसवर आला. अधिकारी आले, तेव्हा साहेबांनी भिंतीवरचा मोठा तक्ता उतरवून ठेवला होता आणि जावयालाच बोलायला उभं केलं. चार लोकांसमोर बोलायचं एरवी तो टाळायचा. पण त्याने सरळ सांगितलं, की आम्ही तेच मासे पुन्हा पुन्हा मोजले, चूक कशी झाली, कुणी पकडली, आणि आता काय केलंय. अधिकाऱ्यांपैकी सर्वांत वयस्कर बाईंनी वही मागितली, चष्मा वर करून सगळी पानं पाहिली आणि सांगितलं, की पुढच्या वर्षापासून मोजणीबरोबर अशी खुणांची वही ठेवायची, आणि जलाशयातलं पाणी कुठल्या दरवाजातून सुटतं ते मासे मोजणाऱ्याला विचारल्याशिवाय बदलायचं नाही. साहेबांचा जीव भांड्यात पडला. जाता जाता साहेबांनी सासूबाईंना नमस्कार केला, आणि सासूबाईंनी त्यांच्या कोटाच्या बाहीकडे पाहून, कोपर विरलंय, पुढच्या महिन्यात आणून द्या, असं सांगितलं.

लेक परत आली तेव्हा हंगाम सरत आला होता. रविवारी जावयाला वरच्या ओढ्याकडे पाहणीला जायचं होतं, म्हणून तिघंही जीपने निघाले. ती मागे बसली होती. पुढच्या दोघांचं ओढ्याचं पाणी, वाळूचा दाणा, कुठल्या वळणावर अंडी असतात असं काय काय चाललं होतं, आणि ते दोघं एकमेकांचं वाक्य मध्येच तोडत होते. आई त्याला “अरे, तसं नाही” म्हणत होती. लेकीने दोनदा बोलायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. ती खिडकीतून बाहेर बघत नुसती ऐकत राहिली.

ओढा उथळ होता आणि खालची वाळू स्वच्छ दिसत होती. पहिल्यांदा कुणालाच काही दिसलं नाही. मग जावई गुडघ्यावर बसला आणि बोट न दाखवता हलक्या आवाजात म्हणाला, त्या सपाट दगडाच्या सावलीत बघा. सावलीच हलत होती. नखाएवढी पिल्लं, डोळे तेवढे काळे, बाकी अंग पाण्यासारखंच. शेकड्यांनी.

सासूबाईंनी चपला काढल्या. लेक घाईघाईने म्हणाली, आई, डॉक्टरांनी पाण्यात जाऊ नको सांगितलंय ना? जावयाने सांगितलं, की ती मुदत कालच संपली, आणि औषधाचं मी बघतो, तू मध्ये पडू नकोस. त्यानेही चपला काढल्या, पँट वर दुमडली आणि सासूबाईंना हात दिला. दोघं घोटाभर पाण्यात जाऊन उभे राहिले. पिल्लं पांगली.

“हलू नका,” तो म्हणाला. “परत येतात.”

लेकीने दोघांच्या चपला उचलून घेतल्या आणि ती काठावर उभी राहिली. थोड्या वेळाने पाणी निवळलं, आणि तिने पाहिलं, तर तिची आई श्वास रोखून, जावयाचा दंड घट्ट धरून, आपल्याच पावलांकडे बघत होती.